जिन्याच्या वळणावरचं सुनीत

आमच्या चाळीत 'सुनीत' हा शब्द पहिल्यांदा आला, तेव्हा त्याची चौकशी नवा भाडेकरू म्हणून झाली.

मंडळाच्या फळ्यावर स्पृहानं खडूनं लिहिलं होतं : 'एकांकिका – भिंत. सुरुवात – सुनीत.' स्पृहा दुसऱ्या मजल्यावरची. माटुंग्याच्या कॉलेजात शिकताना नाटकाचं वेड घेऊन आलेली, आणि एवढं शिकूनही परळच्या चाळीतल्या मंडळातच नाटक बसवणार म्हणणारी. म्हणजे पोरगी हुशार, पण व्यवहाराला जरा कच्ची. फळा वाचून वैभव तडक तिच्या दारात जाऊन उभा राहिला. वैभव म्हणजे आमचा नट. एके काळी पहिल्या नंबरचा.

"कोण गं हा सुनीत?"

"कोण नाही रे दादा, काय."

"बाहेरचा घेतलास ना? आपल्यातली पोरं काय मेली?"

"अरे, सुनीत म्हणजे कविता. चौदा ओळींची. नाटकाच्या तोंडाला म्हणायची."

"मग नांदी लिही ना सरळ! खालचे परब विचारतायत, कुठल्या खोलीत राहायला आला म्हणून."

त्या संध्याकाळी मंडळाच्या खोलीत स्पृहानं आम्हा सगळ्यांना सुनीत समजावून सांगितलं. पहिल्या आठ ओळी म्हणजे अष्टक. त्यात गोष्ट मांडायची. मग कलाटणी. मग सहा ओळींचं षट्क. त्यात गोष्ट कुठे जाऊन पडते ते सांगायचं. नववी ओळ बहुतेक वेळा 'पण'नं सुरू होते म्हणाली. दादरच्या स्पर्धेसाठी बसवायची तिची एकांकिका होती दोन भावांची. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतात, वीस वर्षं अबोला, शेवटी भिंत पडते तेव्हा एकच भाऊ उरलेला असतो. आणि हे सगळं त्या चौदा ओळींत आधीच येत होतं.

"थांब थांब," वैभव म्हणाला. "शेवट आधीच सांगून टाकायचा? मग लोक बसतील कशाला? बटाटेवडा खायला जातील."

तेव्हा कोपऱ्यातून एक आवाज आला. आवाज म्हणजे काय, आवाजाची सावली. "दशावतारात राक्षस मरणार हे गावच्या कुत्र्यालाही ठाऊक असतं. तरी माणूस चटई टाकून बसतोच ना? काय होणार म्हणून नाय बसत. कसं होणार म्हणून बसतो."

स्पृहा वळली आणि म्हणाली, "काका, सुनीत तुम्ही म्हणायचं."

हे काका म्हणजे गंगाधर धुरी. आमच्या मंडळाचे चाळीस वर्षांचे प्रॉम्प्टर. गिरणी होती तोवर गिरणीत, गिरणी गेल्यावर शिवडीच्या गोदामात, आणि दोन्हीकडून संध्याकाळी सुटलं की विंगेत. चाळीत त्यांना 'आतला आवाज' म्हणत. पुढाऱ्यांना निवडणुकीच्या आधी ऐकू येतो तो निराळा. आमचा खरोखर ऐकू यायचा, मात्र विंगेपासून चार पावलांच्या आत असलेल्यालाच. पाचव्या पावलावर सन्नाटा. चाळीस वर्षं ही कला कमावल्यामुळे त्यांचा घरातला आवाजही तेवढाच राहिला होता. बकुळावहिनी, म्हणजे त्यांच्या सौ., सांगायच्या, "लग्नाचा इचारल्यानी तां पण कुजबुजान. माका वाटला पाणी मागतत. मी तांब्यो भरून आणून दिलंय."

प्रॉम्प्टिंग त्यांच्या रक्तात इतकं मुरलेलं, की समोरचा अडला की ओठ आपोआप हलायचे. आरतीत तिसऱ्या कडव्याला सगळी चाळ नुसती गुणगुणायला लागते, तेव्हा गंगाधरदादांच्या आसपासची सात-आठ माणसं तेवढी शब्दांसकट म्हणायची. एकदा गॅलरीत दोन बायका भांडत होत्या. एकीला ऐन रंगात पुढचा शब्द सुचेना. दादांनी दारातून हळूच पुरवला. मग दुसरी अडली, तिलाही पुरवला. प्रॉम्प्टर पक्षपात करत नाही.

अशा माणसाला स्पृहा म्हणत होती, रंगमंचावर या आणि मोठ्यानं बोला. कारण विचारलं तर म्हणाली, "हे सांगणाऱ्याला शेवट ठाऊक पाहिजे. आपल्यात चाळीस वर्षं शेवटचं पान हातात धरलेला माणूस एकच आहे."

पोरगी बोलली छान.  पण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि तिला नव्हती.

ती सांगायची तर दोन वर्षं मागे जायला हवं. गणपतीतलं नाटक. वैभव वकील. भर कोर्टात अडला. अडला तर अडला, आतला आवाज आहेच म्हणून त्यानं विंगेकडे पाहिलं. मी पडदा ओढणारा. माझ्या दोरीपाशी उभं राहिलं की नटही दिसतो आणि प्रॉम्प्टरही. दादा वहीकडे बघत होते. वही उघडी होती, पान बरोबर होतं, चष्मा डोळ्यांवर होता. पण नव्या गावात उतरलेला माणूस पाट्यांकडे बघतो तसे ते त्या पानाकडे बघत होते. वैभवनं वाट पाहिली, पाहिली, आणि शेवटी "पाणी आणा!" म्हणून स्वतःच पाणी आणायला आत निघून गेला. प्रेक्षक हसून हसून लोळले. त्या दिवसापासून वैभवचं नाव 'पाणी आणा'. पाठांतर नाही, मस्ती आली, असं ठरलं. मुख्य भूमिका गेल्या. 'भिंत'मध्येही त्याच्याकडे धाकटा भाऊ होता. तीन वाक्यं बोलायची आणि मरायचं.

दादांनी त्या वेळी काही सांगितलं नाही. मीही नाही.

पुढे दादा लालबागला भाजी आणायला गेले ते शिवडीला पोहोचले, जुन्या गोदामाच्या बंद दाराशी. एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं आणून सोडलं. वहिनींनी चाळीत सांगितलं, जुन्या दोस्ताक भेटाक गेल्ले. मग आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो. परळला राहून हॉस्पिटल लांब पडलं असं म्हणायची सोय नाही. डॉक्टर तरुण होता, भला होता. विसरणं वाढत जाईल म्हणाला. हळूहळू, पण जाईल. आधी कालचं जाईल, मग परवाचं. घरच्या माणसांची नावं बहुधा उशिरा.

परतताना फुटपाथवर वहिनी म्हणाल्या, "भावजी, कोणाक सांगू नकात. लोक वाईट नाय, पण कीव करतत. ती माका सोसाची नाय."

दादा दोन पावलं मागे होते. त्यांनी माझी बाही धरली. "तुला एक सांगतो. मी चुकलो तर तू मला सांगायचंस. दुसरं कोण नाय सांगणार. वैभवची गोष्ट तुलापण ठाऊक, मलापण ठाऊक. प्रॉम्प्टरची चूक दुसऱ्याच्या अंगावर जाते रे. ती तशी जाता नये."

मी हो म्हणालो. फुटपाथवर हो म्हणायला काही लागत नाही.

आणि आता स्पृहा विचारत होती, आणि दादा तिला चक्क मोठ्यानं, सहाव्या पावलालाही ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "म्हणतो."

वहिनींनी मला घरी बोलावून झापलं. "तुमी थंय होतास मां? मग गप कित्याक बसलास? सगळ्या दादराच्या म्होरे ह्येंचा हसा झाला म्हंजे?"

"वहिनी, कागद हातात घेऊन म्हणतील."

"कागद नको," दादा आतून म्हणाले. "चाळीस वर्षं कागद बघूनच बोललो. आणि खरं सांगू? आता कागदावर बोट ठेवलं तरी ओळ पळते. डोक्यात बसली तरच बसली." मग खुर्ची ओढून बसले. "बकुळा, ऐक. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले. एकदा माझ्या तोंडानं, माझ्या आवाजात, समोरच्या माणसाला काय तरी सांगायचं आहे. फार नाय, चौदा ओळी. पुढल्या वर्षी मागशील तरी माझ्याकडे नसतील." आणि किंचित हसले. "नायतरी डॉक्टरनं माझं सुनीत म्हणून झालंय. शेवट सांगून टाकलान. आता नाटक तेवढं करायचं राहिलंय."

वहिनी उठून मोरीत गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुऊ लागल्या.

पाठांतर सुरू झालं. पहिल्या दोन ओळी चांगल्या बसल्या :

*एक भिंत, दोन खोल्या, दोन भाऊ दोन्हीकडे,*
*वीस वर्षं बोल बंद, कान तेवढे उघडे.*

पण तिसरी आली की पहिली जायची. आठ दिवस हेच. खुर्चीत बसून, खिडकीत उभं राहून, देवासमोर मांडी घालून. काही उपयोग नाही. नवव्या दिवशी सकाळी दूध घेऊन ते जिना चढत होते. पायरीगणिक एक ओळ पुटपुटत होते. आणि आमचा जिना असा, की तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर यायला आठ पायऱ्या, मग वळण, मग सहा पायऱ्या. वर पोहोचले तेव्हा चौदाच्या चौदा ओळी झाल्या होत्या. दाराशी दूध हिंदकळवत उभे राहून म्हणाले, "बकुळा, ह्या पोरीनं कविता नाय लिहिली. आपला जिना लिहिलाय!"

मग काय, दिवसातून वीस वेळा सुनीत जिना चढू लागलं. चढताना ओळी, उतरताना मौन. पहिली पायरी, एक भिंत. आठव्या पायरीवर अष्टकाचा शेवटचा प्रश्न :

*भिंत कुणी बांधली ही? आठवेना आता कुणा?*

मग वळणावर कठडा धरून एक श्वास, आणि वरच्या छोट्या जिन्यावर पाऊल : *पण आज भिंत पडे, धूळ बसे, दिसे सारे...* ओळी डोक्यात नव्हत्याच बसल्या. गुडघ्यांत बसल्या होत्या. लांब जिना म्हणजे अष्टक, छोटा जिना म्हणजे षट्क. स्पृहानं कॉलेजात महिनाभर घोटून समजून घेतलेला आकृतिबंध दादांच्या पायांना आठवड्यात समजला.

चाळीला याचा त्रास झाला, पण चाळीला कशाचा होत नाही? माहीमहून मासळी घेऊन येणारी मीराबाई डोक्यावर पाटी घेऊन पाचव्या पायरीवर अडकायची. "आरं बाबा, माजं बोंबील आनखी मऊ झालं, तुजी कविता काय संपं ना!" पण ओलांडून जायची नाही. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ती मागच्या पायरीवरून ओठ हलवते आहे. मीराबाईला, परबांना, गॅलरीतल्या त्या दोन्ही भांडखोर बायकांना, सगळ्यांना सुनीत पाठ झालं होतं. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. अडकून पडल्यामुळे झालं होतं.

मंडळाच्या खोलीत जिना नव्हता. तिथे दादा जागच्या जागी पाय उचलत ओळी म्हणत. स्पृहाला वाटायचं, काकांची लकब आहे. मला वाटलं, काम भागलं.

स्पर्धेचा प्रयोग दादरला, दुपारी दीडचा. चाळ लोटली होती. मीराबाई दुपारचा धंदा सोडून, डोक्यात अबोली माळून आली होती. मी पडद्याच्या दोरीपाशी. सेट लागला आणि स्पृहा डोळे मिचकावत दादांना म्हणाली, "काका, बघा तुमच्यासाठी काय केलंय."

तिनं जिना केला होता. नायगावच्या एका सुताराकडून दोन तुकड्यांत बनवून घेतलेला, चार-चार बोटं उंचीच्या पायऱ्या, पण मोजून चौदा. आठ, वळण, सहा. पोरगी चाळीच्या जिन्यावर रोज दादांना बघत होती, आणि गुपचूप माप घेऊन गेली होती. दादांनी कठड्यावरून हात फिरवला. डोळे भरून आले त्यांचे.

"तुम्ही खाली उभं नाही राहायचं," स्पृहा म्हणाली. "वरून यायचं. गोष्ट प्रेक्षकांकडे उतरून आली पाहिजे."

तेव्हा माझ्या डोक्यात काही लखलखलं नाही, हे कबूल करतो. दोन घंटा झाल्या. दादा मागून वर जाऊन उभे राहिले. तिसरी घंटा झाली, मी दोरी ओढली, पडदा अर्धा सरकला, आणि मग कळलं. वरून उतरताना सहा पायऱ्या आधी येतात.

पण पडदा अर्ध्यावर थांबवता येत नाही.

दादांनी पाऊल टाकलं. पायांनी छोटा जिना ओळखला आणि तोंडाला षट्क दिलं.

"पण," दादा म्हणाले.

काय आवाज होता तो! चाळीस वर्षं साठवलेला. शेवटच्या रांगेतल्या माणसानं पाठ ताठ केली. *पण आज भिंत पडे...* नाटकाचं पहिलं अक्षर 'पण'. पहिल्या दोन रांगांत आमची चाळ बसली होती आणि त्या दोन रांगांचे श्वास थांबले. मीराबाईनं पदर तोंडात धरला. सगळ्यांना शब्द पाठ होते, आणि कुणाला काही पुरवता येत नव्हतं. कारण दादा अडलेच नव्हते. एकही शब्द न चुकता ते चुकत होते.

*एक भाऊ हाक मारी, हाक जाई आरपार,*
*ऐकायाला दुजा नाही, त्याचे बंद झाले दार.*

मग वळण. कठडा धरून एक श्वास. मग लांब जिना, एक भिंत, दोन खोल्या, आठही ओळी, आणि शेवटच्या पायरीवर, प्रेक्षकांच्या अगदी समोर :

"भिंत कुणी बांधली ही? आठवेना आता कुणा?"

अंधार झाला. नाटक सुरू झालं. वहिनी विंगेत माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

संध्याकाळी निकाल लागला. परीक्षक फार खूश. म्हणाले, "सुनीत नाटकाच्या तोंडाशी ठेवलेलं पाहिलंय, पण षट्क आधी आणि अष्टक नंतर? 'पण'पासून सुरू होणारं नाटक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आधी मरण सांगितलंत, मग भांडण सांगितलंत आणि प्रश्नावर आणून सोडलंत. हे उलटं करण्याचं धाडस कुणाचं?" स्पृहा उभी राहिली. तोंड पांढरं पडलेलं. ती "थँक्यू" म्हणाली आणि बसली. आम्ही अंतिम फेरीत गेलो. सगळ्यांनी दादांच्या पाठीवर थापा मारल्या. दादा लग्नातल्या नवऱ्यासारखे हसत होते. आणि मी फुटपाथवर दिलेलं 'हो' खिशात दगडासारखं घेऊन फिरत होतो. सांगायचं कसं? आज? या माणसाला?

टॅक्सीतून उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दादा पुढे, मी आणि वहिनी मागे. जिना आला. सवयीनं त्यांनी पहिली पायरी घेतली, "एक भिंत, दोन खोल्या..." आठव्या पायरीवर थांबले. वळणावर कठड्याला हात लावून तिथेच उभे राहिले. 

"तिथे मी उतरत होतो," ते म्हणाले.

वहिनींनी माझा दंड घट्ट धरला.

"उलटं म्हटलं का रे मी?"

मला परीक्षकांचं वाक्य आठवलं, धाडस वगैरे. तेच सांगावंसं वाटलं. जिभेवर आलंसुद्धा.

"हो दादा," मी म्हणालो. "सहा आधी, आठ नंतर."

ते कठड्याकडे बघत राहिले. "मला वाटलं, बरोबर झालं. सगळे हसत होते." मग मान हलवली. "आज कोणाच्या अंगावर गेली नाय ना चूक?"

"नाही."

"मग ठीक." आणि सहा पायऱ्या चढून, स्वतःचं दार ओलांडून, ते गॅलरीच्या टोकाला चालू लागले. वैभवच्या दाराशी. वहिनी "अवो, खंय चाललास?" म्हणत मागे धावल्या. वैभव नुकताच मेकअप पुसत बसला होता, एक गाल अजून मेलेल्या भावाचा.

"वैभव," दादा म्हणाले. दुपारचाच आवाज. सगळ्या मजल्यावर गेला, दारं उघडली. "दोन वर्षांमागं तू चुकला नव्हतास. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मला वाचता येईना. मी चुकलो होतो. मला विसरायचा आजार आहे. पुढे हेपण विसरेन, म्हणून आज सांगून ठेवतो. सगळ्यांनी ऐकलं ना?"

 वहिनींनी पदरानं तोंड झाकलं. दोन वर्षं जपलेली गोष्ट एका दमात सगळ्या मजल्याची झाली होती.

वैभव उठला. त्याच्या तोंडावर काय काय येऊन गेलं, ते मला नीट सांगता येणार नाही. रागही होता त्यात, का नसावा? दोन वर्षं पोरगा 'पाणी आणा' ऐकत होता. तो दादांना धरून आत घेऊन गेला, खाटेवर बसवलं आणि आत बायकोला हाक मारली.

"अगं, काकांना पाणी आण."

कुणी हसलं नाही. वैभवच आधी हसला, मग दादा.

अंतिम फेरी पुढच्या महिन्यात आहे. स्पृहा या वेळी सुरुवात खालून करून घेणार होती. दादा चढत वर जातील, प्रेक्षकांकडे पाठ झाली तरी चालेल म्हणाली. पण परीक्षकांना उलटं आवडलंय, त्याचं काय? या प्रश्नावर मंडळात तीन बैठका झाल्या आणि तिन्ही चहावर संपल्या. दादांनी निकाल दिला : "पाय जसे नेतील तसं." विंगेत वैभव बसणार आहे, वही घेऊन. त्यानं स्वतःच मागून घेतलं.

सध्या तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी दादांच्या मागे एक पायरी सोडून जिना चढतो. दादा ओळ म्हणतात; थांबले, की मागून हळूच ओळ येते, चार पावलांच्या आत ऐकू येईल एवढीच. मीराबाई खाली पाटी टेकून उभी असते आणि बोंबलांबद्दल काही बोलत नाही. गेल्या सोमवारी वैभवला दोन ओळी पुरवाव्या लागल्या. काल पाच.

वळणावर मात्र दादा अजून कुणाची वाट बघत नाहीत. कठडा धरतात, श्वास घेतात, आणि 'पण' त्यांचा तेच म्हणतात.